हाताला बसेल असं

हथखोजच्या चहाच्या टपरीवर मी एकदा बोलून गेलो की माझा सगळा दिवस एडिटरमध्ये जातो. शेजारी ग्लास घेऊन उभ्या असलेल्या ट्रक ड्रायव्हरने आदराने विचारलं, “कौन से अखबार में?”

त्याची चूक नव्हती. छत्तीसगडात एडिटर म्हटलं की गाडी माधवराव सप्र्यांपासूनच सुटते. घरात मराठी बोलणाऱ्या या गृहस्थाने १९०० सालच्या जानेवारीत पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ नावाचं हिंदी मासिक सुरू केलं. ते जेमतेम तीन वर्षं चाललं, पण नाव राहिलं. माझा एडिटर मात्र मिशीवाला माणूस नाही. तो संगणकातला एक प्रोग्रॅम आहे, त्याचं नाव ईमॅक्स, आणि त्यात मी अग्रलेख लिहीत नाही. मी लेथ मशीनला हुकूम लिहितो.

हथखोज म्हणजे भिलाईची अवजड उद्योगांची वसाहत. इथल्या एका लहानशा कारखान्यात मी सीएनसी लेथचे प्रोग्रॅम लिहायला आहे. शाफ्ट, बुश, फ्लँज, असला गोल गोल माल. ‘जी शून्य शून्य’ म्हणजे झटकन जा, ‘जी शून्य एक’ म्हणजे कापत कापत जा, ‘एम शून्य तीन’ म्हणजे माल धरणारा चक फिरव, ‘एम तीस’ म्हणजे संपलं. या भाषेत शृंगाररस लिहिता येत नाही, पण भयानक रसाची सोय उत्तम आहे. ‘एक्स पन्नास’ लिहून पुढचं टिंब विसरलात, तर काही मशीनं त्याचा अर्थ पन्नास मिलिमीटर घेत नाहीत, पन्नास मायक्रॉन घेतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मग टूल थेट जॉबच्या, म्हणजे कापायच्या तुकड्याच्या, पोटात शिरतं, आणि जो आवाज होतो तो बाहेर टपरीपर्यंत जातो.

तसा आवाज माझ्या हातून एकदा झाला. त्याच रात्री मी एडिटरला शिकवलं की एक्स किंवा झेडनंतरच्या आकड्यात टिंब दिसलं नाही, तर तो आकडा लाल कर. पाच ओळींचं काम. ते लाल आकडे मी आजही घाबरून बघतो. या माझ्या पाच शहाण्या ओळी. बाकीच्या साधारण चौदाशे ओळींची हकीकत पुढे.

ईमॅक्स वापरणाऱ्याकडे एक फाइल असते. एडिटर उघडला की तो आधी ती वाचतो आणि मालकाच्या मर्जीप्रमाणे स्वतःला घडवतो. कोणतं बटण दाबलं की काय व्हावं, अक्षर केवढं, रंग कोणता, कुठलं जोडकाम बसवायचं, सगळं त्यात. इतर प्रोग्रॅममध्ये ‘सेटिंग’ असतं, म्हणजे हॉटेलातल्यासारखं, मेनूत आहे तेवढं मागा. इथे तुम्हाला थेट स्वयंपाकघरात घेतात आणि हातात झारा देतात. ज्याला स्वयंपाक येत नाही तो उपाशी राहतो. ज्याला थोडासा येतो त्याचे हाल त्याहून वाईट, कारण तो जेवायचं विसरून फोडण्याच देत बसतो.

माझी पहिली फोडणी करंगळीपायी. ईमॅक्समध्ये जवळजवळ प्रत्येक हुकमाला कंट्रोल हे बटण लागतं, आणि आजच्या कीबोर्डवर ते अगदी खाली डाव्या कोपऱ्यात, अडगळीत ठेवलेलं असतं. दिवसभर डावी करंगळी तिकडे वाकवून वाकवून दुखायला लागते. हा आजार इतका जुना आहे की या मंडळींत तो ईमॅक्सच्या नावानेच ओळखला जातो. थट्टेखोर लोक तर सांगतात की ईमॅक्स हे नावच एस्केप, मेटा, ऑल्ट, कंट्रोल, शिफ्ट या पाच बटणांची आद्याक्षरं जोडून झालं आहे. त्यावरचा घरगुती उपाय असा: ‘ए’ अक्षराच्या डावीकडे कॅप्स लॉक नावाचं एक ऐटबाज, लांबरुंद आणि निरुपयोगी बटण असतं. त्याचं काम काढून घ्यायचं आणि तिथे कंट्रोलला बसवायचं. ही काही बंडखोरी नव्हे. १९७६च्या सुमाराला बिल जॉय यांनी व्हीआय हा दुसरा प्रसिद्ध एडिटर ज्या टर्मिनलवर घडवला, त्यावर त्या जागी कंट्रोलच होतं. मी फक्त मूळ मालकाला जागा परत दिली. करंगळी आठवड्याभरात बरी झाली.

इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण एकदा कीबोर्डला हात घालता येतो हे कळलं की हातोडा मिळालेल्या माणसासारखे सगळीकडे खिळे दिसायला लागतात.

माझं बालपण भिलाईतच गेलं. वडील भंडाऱ्याकडून पोलाद कारखान्यात नोकरीला आले होते. रशियनांशी करार १९५५चा, पहिली झोतभट्टी पेटली १९५९च्या फेब्रुवारीत, आणि तिच्या मागोमाग देशभरातून माणसं आली. त्यांच्यासाठी सेक्टर आखले आणि त्यांत एका नकाशाची क्वार्टरं बांधली. आमच्या रांगेतून रात्री वीज गेल्यावर माणूस चुकून शेजाऱ्याच्या घरात शिरू शकेल, इतकी सारखी. पण पाच वर्षांत चुकायची सोय उरली नाही. तेलुगू घरासमोर तांदळाच्या पिठाची रांगोळी, मल्याळी घरामागे केळी आणि कढीपत्ता, पंजाब्याने ओट्यापुढे पत्रा टाकून केलेली मोटारसायकलची खोली, बंगाल्याच्या खिडकीत हार्मोनियम. आमच्या आईने तुळशीवृंदावन तर बांधलंच, वर मागच्या दाराची कडी उजवीकडून डावीकडे घेतली, कारण ती डावखुरी. नंतर ते क्वार्टर दुसऱ्याला मिळालं. त्या बाईंना ती कडी अंधारात कधी सापडली नसणार.

माझ्या फाइलचं तसंच होत गेलं. आधी पत्रा टाकला, मग तुळस लावली, मग कड्या फिरवल्या. ऑर्ग नावाचं एक जोडकाम बसवलं. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३मध्ये आपल्या टिपणांसाठी ते सुरू केलं, आणि आज त्यात लोक कामांची यादी, हिशेब, प्रबंध, सगळं ठेवतात. मी त्यात कामांची यादी ठेवली. यादीतलं पहिलं काम होतं, ‘यादी नीट दिसेल अशी करणे’. ते चार महिने चाललं. मग मराठी टिपणं लिहायला लागलो, तर तक्त्यांचे रकाने शेपटासारखे वळवळायला लागले. एका अक्षराला एक घर, सगळी घरं सारख्या मापाची, असा या एडिटरांचा संसार. त्यात ‘क्ष’ हात पसरून बसतो आणि ‘र’ अंग चोरून. २०२०मध्ये ईमॅक्सने अक्षरजुळणीचं नवं यंत्र घेतलं, तेव्हापासून जोडाक्षरं निदान जोडलेली राहतात. रकाने अजून वाकडेच आहेत. आता मी त्यांना वळण म्हणतो.

आणि मग संकष्टी.

ईमॅक्समध्ये दिनदर्शिका आहे. ती साधीसुधी नाही. आजची तारीख हिब्रू, इस्लामी, इथिओपियन, फ्रेंच राज्यक्रांतीवाल्यांची, एवढंच काय, माया संस्कृतीच्या पंचांगाप्रमाणेही सांगते. चंद्राच्या कला सांगते. आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश दिले तर सूर्योदय सांगते. एवढा अवाढव्य ज्योतिषी, पण संकष्टी कधी ते सांगत नाही. मला हा महाराष्ट्रावरचा अन्याय वाटला आणि मी तीन रविवार त्यापायी घातले. पौर्णिमेपुढे चौथी तिथी धरायची, त्या दिवशीचा चंद्रोदय काढायचा, आणि सकाळी एडिटर उघडला की वर पाटी यावी, ‘आज संकष्टी, चंद्रोदय इतके वाजून इतकी मिनिटं’.

दुसऱ्या रविवारी बायको मागे येऊन उभी राहिली. तिने काही न बोलता भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बोट दाखवलं.

“ती वेळ मुंबईची असते,” मी म्हटलं. “आपण मुंबईपासून साडेआठ रेखांश पूर्वेला आहोत. एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे आपल्याकडे चंद्र अर्ध्या तासाहून जास्त आधी उगवतो.”

हे खरं आहे. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत भक्कम युक्तिवाद होता. आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, “अरे, मग गच्चीवर जाऊन बघ ना!”

तिसऱ्या रविवारी पाटी आली. त्या संकष्टीला ढग होते. पाटीने सांगितलेल्या वेळी मी पान वाढायला सांगितलं, आणि आईने चंद्र प्रत्यक्ष दिसेपर्यंत ताटाला हात लावला नाही. दहा वाजून गेले.

अशा उद्योगांत गुंतलेल्या माणसाला समोरच्या गोटाचा हेवा असतोच. व्हीआयचा वारस व्हिम. तो ब्राम मोलेनार यांनी १९९१मध्ये बाहेर काढला आणि २०२३मध्ये जाईपर्यंत सांभाळला. फुकट वाटायचा, आणि आवडला तर युगांडातल्या मुलांसाठी पैसे द्या म्हणून उघडता उघडताच सांगायचा. त्याचे लोक हात जागचा न हलवता लिहितात, आणि बाहेर कसं पडायचं हे नवख्याला कळत नाही म्हणून हसतात. ईमॅक्सवाल्यांना बाहेर पडायचंच नसतं. त्यात टेट्रिस आहे, आणि तुमची रडकथा ऐकून घेऊन उलटे प्रश्न विचारणारा एक मानसोपचार डॉक्टरही आहे. या दोन गोटांचं भांडण देशस्थ-कोकणस्थांइतकंच गोड आणि तितकंच बिनकामाचं. मी मात्र दुसऱ्यांच्या फाइली वाचायला लागलो. इथे माझा खरा ऱ्हास सुरू झाला. कोणा फिनलंडच्या माणसाने कंस इंद्रधनुष्याच्या रंगात रंगवले म्हणून मी रंगवले. कोणाकडे तळाच्या पट्टीवर मांजर धावत होतं, म्हणून माझ्याकडे धावलं. लेथच्या प्रोग्रॅममध्ये कंस म्हणजे फक्त टीप, तेही चार. ते सात रंगांत रंगवण्याचं यंत्र माझ्याकडे होतं.

पुढे एकदा मी सुट्टीवर असताना एका जॉबचं माप बदललं. कारखान्याच्या मालकांचा, सेठजींचा, पुतण्या माझ्या संगणकावर बसला. एक आकडा बदलायचा होता. त्याने कॅप्स लॉक दाबून एक्स लिहायला घेतला, तर एडिटर भलत्याच हुकमाची वाट बघत बसला. त्याने घाईने आणखी काही दाबलं. खिडकीचे दोन भाग झाले, एकात चंद्राच्या कला आल्या. त्याने मला फोन केला. “काका, ये क्या पूछ रहा है? पौर्णिमा बता रहा है।” मी फोनवरून एकेक बटण सांगत होतो आणि तो म्हणत होता, तसं काही इथे नाही. ते खरंच होतं. ते बटण त्याच्या नव्हे, माझ्या बोटांत होतं. शेवटी त्याने आकडा मशीनच्याच पॅनेलवर बदलला. दीड मिनिट लागलं.

या गोष्टीत विनोद असा आहे की ईमॅक्सचा जन्मच हे टाळण्यासाठी झाला. एमआयटीत डॅन मर्फी यांनी साठीच्या दशकाच्या सुरुवातीला टेको नावाचा एडिटर केला होता, छिद्रं पाडलेल्या कागदी टेपवरचा मजकूर दुरुस्त करायला. पुढे तिथल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेत जो तो त्यावर स्वतःचे हुकूम रचत सुटला. शेवटी एकाला दुसऱ्याच्या जागी बसून अक्षर उमटवता येईना. तेव्हा गाय स्टील यांनी सगळ्यांची मोट बांधायला घेतली, रिचर्ड स्टॉलमन यांनी ती पुढे नेली, आणि १९७६मध्ये या एकत्रित हुकमांचं नाव पडलं ईमॅक्स. म्हणजे घरोघरच्या कड्या एका बाजूला आणण्यासाठी हे निघालं. फक्त एक खिडकी उघडी ठेवली, की ज्याला हवं त्याने पुढे भर घालावी. पुढचं माझ्यासारख्यांनी पाहिलं.

गंमत म्हणून सांगतो, माझं लेथही त्याच घराण्यातलं आहे. छिद्रांच्या टेपवर चालणारं पहिलं मिलिंग मशीन १९५२मध्ये एमआयटीनेच करून दाखवलं. आजही माझ्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या आधी आणि शेवटी एक टक्क्याची खूण असते. ती कशाची टक्केवारी, असं प्रत्येक नवा मुलगा विचारतो. ती टेप कुठे थांबवायची याची खूण. टेप गेली, रीळ गेलं, थांबायची खूण तेवढी राहिली.

आमच्याकडे एक उस्ताद आहेत. जुन्या, हाताने चालवायच्या लेथवर चाळीस वर्षं काढलेले. त्यांच्या डाव्या करंगळीचं पहिलं पेर नाही. ते कुठल्या मशीनने नेलं हे ते सांगत नाहीत, नुसतं म्हणतात, “जवानी में।” त्यांची पेटी कोणी उघडत नाही. मनाई आहे म्हणून नव्हे. उघडून उपयोग नसतो. चकच्या चावीला त्यांनी सायकलची ट्यूब गुंडाळली आहे, ती एका बाजूला जाड, जिथे करंगळी पोचत नाही तिथे. लोखंडाचा गरम कीस ओढायचा आकडा मनगटाला वळून बसेल असा वाकवलेला. टूल बिट स्वतःच्या अंदाजाने घासलेले. मी एकदा ती चावी हातात धरली, तर दुसऱ्याचा चष्मा घातल्यासारखं वाटलं. पेटीत मोजून नऊ वस्तू होत्या. एकही कोणाचं बघून केलेली नव्हती.

मी घरी येऊन माझी फाइल वरपासून खालपर्यंत वाचली. चौदाशे ओळींपैकी रोज उपयोगी पडणाऱ्या किती, त्या मोजल्या. आकडा सांगत नाही, पेटीपेक्षा थोडा जास्त होता.

सप्टेंबर होता. सतरा तारखेला विश्वकर्मा पूजा, हथखोजची दिवाळी. त्या दिवशी मशीन बंद असतं, आदल्या आठवड्यात कोपरा न् कोपरा धुतला जातो, तेलाचे थर खरवडले जातात, आणि वर्षभर ज्याला लाथ मारली त्या कॉम्प्रेसरलाही हार घालतात. त्या झाडलोटीच्या वाऱ्यात मीही सगळी फाइल काढून टाकायचं ठरवलं. ईमॅक्सवाले याला दिवाळं काढणं म्हणतात, आणि ते दर काही वर्षांनी काढतात, आपल्याकडच्या काही पेढ्यांसारखे. मांजर गेलं. इंद्रधनुष्य गेलं. संकष्टी जाताना जरा जड गेलं. लाल आकडे ठेवले. एका ओळीवर माझ्याच भाषेत टीप होती, ‘हे काढू नको’. का, ते लिहिलं नव्हतं. मी काढली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांत जुन्या सीएनसीने प्रोग्रॅम घेतला आणि अलार्म दिला. दुपारपर्यंत शोधलं तेव्हा उलगडलं. जुन्या टाइपरायटरवर ओळ संपली की दोन कामं असायची, गाडी मागे ढकलणं आणि कागद वर सरकवणं. संगणकांनी त्याची दोन खुणांत आठवण ठेवली. काहींनी पुढे एकीवर भागवलं. आमचं हे म्हातारं मशीन दोन्ही खुणा मिळाल्याशिवाय ओळ संपली असं मानायला तयार नाही. ती एक ओळ त्याची समजूत घालत होती.

मी तोंड लपवून खाली आलो, तर तिथेही गर्दी. नव्या मुलाने सफाई करताना उस्तादांच्या लेथच्या मागच्या पायाखालची पत्र्याची चकती कचरा समजून फेकली होती. गंजलेली, रुपयाएवढी. आता लेथ चालू केलं की जॉबवर लहरी उमटत होत्या. उस्ताद ओरडले नाहीत. ते भंगाराच्या ढिगात खाली बसून तीच चकती शोधत होते. दुसरी कापून देतो म्हटलं तर म्हणाले, “वही चाहिए, घिस के बैठी थी।” अर्ध्या तासाने मिळाली. मीही वर जाऊन ती ओळ परत घातली आणि खाली कारण लिहिलं.

सतरा तारखेला सगळी मशीनं चमकत होती. सेठजींनी नारळ फोडला, प्रसाद वाटला. उस्ताद कुंकवाची वाटी घेऊन एकेका मशीनला टिळा लावत फिरत होते, लेथला चकवर, ग्राइंडरला चाकावर, वेल्डिंगला मूठ धरतात तिथे. माझ्या खोलीत आले. त्यांना संगणकातलं काही कळत नाही, आणि त्यांनी तसं कधी दाखवलंही नाही. वाटलं, पडद्यावर लावतील. सगळे पडद्यावरच लावतात. ते कीबोर्डवर वाकले, चष्मा वर केला, क्षणभर बघितलं, आणि थेट कॅप्स लॉकवर बोट टेकलं.

“उस्ताद, इसी पे क्यों?”

त्यांनी डाव्या हाताची ती अर्धी करंगळी वर करून दाखवली, आणि वाटी घेऊन कॉम्प्रेसरकडे गेले.